कुठल्या वाटेनं येत नाहीस?

आमच्या लालबागच्या शाळेत भूगोल शिकवणारे एक सर होते. राहायला नायगावात. शाळेपासून नायगाव म्हणजे सरळ चाललं तर अर्ध्या तासाची वाट. पण हा गृहस्थ शाळा सुटली की कधी काळाचौकीकडे वळायचा, कधी रे रोडच्या लाकडाच्या वखारींकडे, तर कधी चक्क उलटा चिंचपोकळीच्या पुलाकडे. घरी त्यांची विधवा बहीण तीन-तीनदा चहा गरम करून शेवटी स्वतःच पिऊन टाकायची. स्टाफरूममध्ये यावर तीन मतं होती. संस्कृत शिकवणाऱ्या शास्त्रीबुवांच्या मते सरांनी कुठेतरी बाई ठेवली होती. ड्रिलचे सर म्हणायचे, हा माणूस गिरणी कामगारांत पत्रकं वाटत फिरतो. मी नुकताच बी.ए. होऊन मराठी शिकवायला लागलो होतो, चोवीस वर्षांचा होतो आणि स्वतःला फार हुशार समजत होतो. माझं मत असं होतं की सरांचा एक स्क्रू ढिला आहे. या मतावर सगळे पोट धरून हसले होते.

दिसायलाही ते हसण्यासारखेच होते. धोतर, त्यावर कोपरांना ठिगळं लावलेला कोट, खिशात भाजलेले चणे आणि बाराही महिने हातात छत्री. ती छत्री मी उघडलेली कधी पाहिली नाही. तिच्या टोकानं ते नकाशावरची गावं दाखवायचे आणि रस्त्यात ती टेकत पावलं मोजायचे. शाळेच्या दारापासून मसाला कांडणाऱ्या बायकांच्या शेडपर्यंत किती पावलं, तिथून पिठाच्या गिरणीपर्यंत किती, हे त्यांना पाठ होतं. दक्षिण अमेरिकेतले देश मात्र पाठ नव्हते. दरवर्षी दक्षिण अमेरिका शिकवायची राहून जायची आणि परीक्षेत नेमका तिच्यावर प्रश्न यायचा. पालक तक्रारी करायचे. सर म्हणायचे, "ॲमेझॉन आहे तिथेच आहे, ती कुठे पळून जात नाही."

स्वभावानं गोड वगैरे मुळीच नव्हते. माणसं गेली की त्यांना गोड करायची आपल्याकडे रीत आहे, म्हणून सांगून ठेवतो. फटकळ होते. मी एकदा वर्गात कविता म्हणत होतो, मुलं रंगली होती, मीही रंगलो होतो. हे बाहेर उभे राहून ऐकत होते. तास संपल्यावर मला म्हणाले, "गळा चांगला आहे तुमचा. यातला एक तरी पोरगा घरी कसा जातो, माहीत आहे?" मला राग आला. मी म्हटलं, "चालत." ते म्हणाले, "शाबास," आणि चणे खात निघून गेले.

जून महिन्यात नवा वर्ग हाती आला की ते पुस्तक उघडायचेच नाहीत. एकेका मुलाला उभं करून दोन प्रश्न विचारायचे. "कुठल्या वाटेनं येतोस?" आणि "कुठल्या वाटेनं येत नाहीस?" पहिल्या प्रश्नाला मुलं भराभर उत्तरं द्यायची. दुसऱ्याला वर्गात खसखस पिकायची. कुणी म्हणायचा, भायखळ्याकडून येत नाही. का रे? लांब पडतं सर. बस खाली. पण एखादा मुलगा जवळची वाट सोडून लांबनं यायचा आणि का ते सांगायचा नाही, बुटांकडे बघत राहायचा. सर त्याला काही बोलायचे नाहीत. वहीत नावही टिपायचे नाहीत. चार-आठ दिवसांनी शाळा सुटल्यावर त्याला गाठून म्हणायचे, "अरे, माझं तुमच्या बाजूला जरा काम आहे, चल."

ते संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. आज हरताळ, उद्या मोर्चा, परवा शाळा बंद. गिरणगावातल्या चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांच्या खिशात तेव्हा खटक्याचे चाकू आले होते. पोलिसांसाठी नव्हते ते. पोलिसांपुढे चाकू काढण्याइतकं वेडं कुणी नव्हतं. ते एकमेकांसाठी होते. मुतारीपाशी एका मुलाचा तळवा फाटला, तेव्हा आमचे हेडमास्तर जागे झाले. माणूस सज्जन, दादरहून यायचे, शिस्तीचे भोक्ते. त्यांनी दर शनिवारी झडती सुरू केली. दारात दोन शिक्षक उभे, पोरांची रांग, खिसे उलटे, दप्तरं पालथी. पहिल्या शनिवारी तीन चाकू मिळाले. दुसऱ्या शनिवारी एकही नाही. हेडमास्तरांनी प्रार्थनेनंतर सांगितलं की आपली शाळा आता निर्मळ झाली.

शाळेसमोरच्या पानवाल्यानं मला नंतर खरं सांगितलं. शनिवारी येताना पोरं चाकू त्याच्याकडे ठेवायची, जाताना घेऊन जायची. विड्याच्या पानांच्या ओल्या फडक्याखाली दहा-बारा चाकू निजलेले असायचे. "मास्तर," तो म्हणाला, "तुमची खरी हजेरी आमच्याकडे लागते."

भूगोलाच्या सरांनी झडतीला उभं राहायला साफ नकार दिला होता. हेडमास्तरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "मग चाकू शोधायचे कुणी?"

"चाकू सापडून मला काय करायचंय?" सर म्हणाले. "एक काढून घेतला तर पोरगा दुसरा आणील. त्यानं तो का घेतला, ते सापडायला हवं."

"का म्हणजे? गुंडगिरी करायला."

"भीतीनं घेतला, साहेब. वाटेत कुठेतरी भीती बसलेली असते, तिच्यापायी. तुम्ही दारात उभं राहून खिसे बघता. वाट कोण बघणार?"

हेडमास्तर म्हणाले, शाळेची जबाबदारी फाटकाच्या आत. या वाक्यावर आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. पुढे तीस वर्षांनी मी हेडमास्तर झालो तेव्हा हेच वाक्य मी पण वापरलं. फार सोयीचं वाक्य आहे.

सरांची रीत अशी. ते त्या पोराबरोबर रोज चालायचे, दोन-दोन, तीन-तीन आठवडे. बोलायचे भलतंच: गिरणीचा भोंगा किती वाजता होतो, वखारीत सागवान कुठून येतं. पोरगा कुठल्या कोपऱ्यावर गप्प होतो, कुठे रस्ता ओलांडून पलीकडे जातो, एवढंच बघायचे. मग त्या कोपऱ्यावरच्या माणसांशी ओळख काढायचे. मसाला कांडणाऱ्या बायकांना त्यांनी सांगून ठेवलं होतं, की या पोरावर लक्ष असू द्या. त्यातली एक म्हणाली, "मास्तर, आमच्या हाताक मिरचीच असता. येव देत कोण तो." त्या बाजूच्या पोरांचा प्रश्न तिथेच मिटला. चाकू ते कधी मागत नसत. एक दिवस पोरगाच म्हणायचा, सर, आता उद्यापासून नको, मी जाईन. मग सर आपल्या मालवणीत विचारायचे, "आणि ता खिशातला?" आणि स्वतःच सांगायचे, "आयेक दे. बांगडे कापूक बरा." अशा चार-पाच घरांत तेव्हा खटक्याच्या चाकूनं मासे कापले जात होते, हे मला माहीत आहे.

हे सगळं मला कळलं ते काशिनाथमुळे. हा माझ्या वर्गातला मुलगा, नववीतला, हाडकुळा, अक्षर मोत्यासारखं. काळाचौकीपलीकडच्या एका चाळीत राहायचा. धर्मांतराला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. त्याच्या चाळीनं घरातले देव उतरवले होते. त्याच्या जवळच्या वाटेवर एक व्यायामशाळा होती, तिच्या पायऱ्यांवर संध्याकाळी पोरं बसायची. ती त्याला अडवायची. शेजारी मारुतीचं देऊळ होतं, तिथे वाक म्हणायची. तो वाकायचा नाही. मग वह्या गटारात. महिनाभर त्यानं हे सोसलं, मग तो लांबनं यायला लागला आणि मग त्यानं चाकू घेतला. त्याचा निबंध मी वर्गात वाचून दाखवला होता, पण यातलं मला अक्षरही ठाऊक नव्हतं.

एका संध्याकाळी सर मला म्हणाले, "तुमचा विद्यार्थी आहे, या बरोबर." काशिनाथला घेऊन आम्ही दोघं गेलो. त्या पायऱ्यांपाशी पाच-सहा जण बसले होते. मधे दत्ताराम, आमच्याच शाळेतला, अकरावीचा, दंड फुगवून बसलेला. आम्ही जवळ आलो तशी एकानं खटका दाबून चाकू उघडला, बंद केला, पुन्हा उघडला. मी उगाचच मोठ्या आवाजात काशिनाथला वृत्तं समजावून सांगू लागलो. सर मात्र सरळ जाऊन पायरीवर बसले, चण्याची पुडी सगळ्यांपुढे धरली आणि दत्तारामला विचारलं, "काय रे, तू कुठल्या वाटेनं जात नाहीस?"

तो हसला. "आपण कुठूनपण जातो, सर."

"मग मावशीकडे रे रोडला जाताना एवढा वळसा का घालतोस? मी चार वेळा पाहिलंय तुला."

दत्तारामच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. काशिनाथच्या चाळीखाली सार्वजनिक नळ होता. तिथल्या पोरांनी शपथ घेतली होती, दत्ता नळापाशी दिसला तर त्याचे पाय मोडायचे. म्हणून दंड फुगवणारा हा पठ्ठ्या सहा महिने त्या नळाकडे फिरकला नव्हता, आणि त्याच्याही कमरेला चाकू होता.

परत येताना सर नेहमीपेक्षा जास्त बोलले. "बघा, मोर्चा असतो तेव्हा ही दोघं एकाच रांगेत चालतात. एकच घोषणा. गेल्या खेपेला अश्रुधूर सुटला तेव्हा एकाच जिन्यात लपली होती, दत्तानं याला ओला रुमाल दिला होता, मी पाहिलंय. मोर्चा जातो तेव्हा सगळ्यांना सगळ्या वाटा मोकळ्या असतात. एरवी का नसतात?" मी म्हटलं, वा सर. मला ते वाक्य आवडलं होतं. पण त्या गल्लीतून मी परत कधी गेलो नाही, ते मी त्यांना सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला त्यांचा नकाशा दाखवला. भूगोलाच्या खोलीत भिंतीवर आशियाचा मोठा कापडी नकाशा होता. त्याच्या पाठीमागे त्यांनी पेन्सिलीनं लालबाग, परळ, काळाचौकी, रे रोड अशी सगळी वस्ती काढली होती. गल्ल्या, नळ, वखारी, देवळं, पिठाची गिरणी. आणि तांबड्या पेन्सिलीचे ठिपके. प्रत्येक ठिपक्यापाशी मुलाचं नाव आणि त्याला तिथे कशाची भीती वाटते, ते. काशिनाथ, पायऱ्या. दत्ताराम, नळ. एकाच्या नावापुढे "वखारीचा पहारेकरी" असं होतं. एकाच्या पुढे नुसतं "घर". आणि एका मुलाचा ठिपका आमच्या शाळेच्या दारातच होता. अकरा नावं होती. "हे भिंतीवर लावायचं नाही," सर म्हणाले. "पोरानं आपली भीती सांगितली म्हणजे स्वतःची मान आपल्या हातात दिली."

पुढचे पाच आठवडे ते त्या दोघांच्या मागे होते. बेत साधा होता. एका सोमवारी शाळा सुटल्यावर काशिनाथनं पायऱ्यांपाशी जायचं. तिथून दत्तारामनं त्याला आपल्या पोरांसमोरून, खांद्यावर हात ठेवून न्यायचं. मग काशिनाथनं दत्तारामला नळापाशी न्यायचं, घरी चहा पाजायचा. सर मागून चालणार. दोघांनीही चाकू आधी घरी द्यायचे. काशिनाथनं शनिवारीच आईला दिला. सरांनी मला स्टाफरूममध्ये हे सांगितलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर मी प्रथमच आनंद पाहिला. माझा हात धरून म्हणाले, "ही दोन पोरं चालली ना, की बाकीची आपोआप चालतील."

मधला रविवार माझा. त्या दिवशी शाळेत संस्थेच्या कमिटीची सभा होती आणि विषय होता भूगोलाच्या सरांना काढून टाकायचं की कसं. निकाल वाईट, झडतीला नकार, शिवाय पत्रकं वाटतात ही कुजबुज चिटणीसांच्या कानांवर गेलेली. मी टिपण लिहायला बसलो होतो. बोलणं ऐकून माझं रक्त तापलं. मला त्यांना वाचवायचं होतं, हे खरं आहे. पण सुंदर बोलायची संधी आलीय, हेही मला जाणवत होतं. आज लपवून काय करू? मला वाहवा हवी होती. मी उठलो, भूगोलाच्या खोलीत गेलो, नकाशा काढून आणला, सभेपुढे आशिया उलटा केला आणि दहा मिनिटं बोललो. शिक्षक कसा असावा, यावर बोललो.

चिटणीसांनी चष्मा लावला. "ही नावं कुणाची?"

"ज्या मुलांकडे चाकू आहेत, त्यांची," मी म्हणालो. अभिमानानं म्हणालो.

खोलीत शांतता पसरली आणि मला वाटलं, माझ्या भाषणाचा परिणाम झाला. हेडमास्तरांनी नकाशाची गुंडाळी करून काखेत घेतली. मला म्हणाले, "तुम्ही फार मोठं काम केलंत." मी घरी जाताना शीळ घालत गेलो.

सोमवारी प्रार्थनेनंतर त्यांनी ती अकरा नावं वाचली. नुसती नावं वाचून थांबले असते, तरी एक वेळ चाललं असतं. पण पोरांना लाज वाटावी, म्हणून त्यांनी पुढचंही वाचलं. काशिनाथ, व्यायामशाळेच्या पायऱ्यांना घाबरतो. दत्ताराम, नळाला घाबरतो. "हे बघा तुमचे शूरवीर! नळाला घाबरतात आणि चाकू घेऊन फिरतात!" सातशे पोरं हसली. दत्ताराम रांगेत उभा होता. त्याच्या मागच्या मुलानं तोंडानं नळाच्या पाण्याचा आवाज काढला. अकराही जणांना सांगण्यात आलं, उद्या वडिलांना घेऊन या आणि दाखले घेऊन जा. भूगोलाचे सर पटांगणाच्या कडेला उभे होते. त्यांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. नकाशा कुठे असतो हे आम्हा दोघांनाच माहीत होतं.

दुपारभर ते अकरा जणांना शोधत फिरले. पोरं त्यांच्यापासून पळत होती. साडेपाचला शाळा सुटायच्या आधीच हेडमास्तरांनी त्यांना ऑफिसात बसवलं: चाकूधारी मुलांची माहिती दडवल्याबद्दल लेखी खुलासा द्या. मी शेजारच्या टेबलावर होतो. सर म्हणाले, "साहेब, खुलासा उद्या देतो. आज मला जायला हवं." हेडमास्तर म्हणाले, आधी लिहा. मी आजवर त्या माणसाला कुणाचे पाय धरताना पाहिलं नव्हतं. त्यांनी हेडमास्तरांपुढे हात जोडले. हेडमास्तरांनी कागद पुढे सरकवला.

तेव्हा सर माझ्याकडे वळले. रागाचा शब्द नाही, काही नाही. "तुम्ही जा. पायऱ्यांपाशी. काशिनाथ येणार, मी त्याला ओळखतो. तुम्ही नुसते जाऊन त्याच्याजवळ उभे राहा."

मी निघालो. गल्लीनं गेलं तर सात मिनिटं. गल्लीच्या तोंडाशी मी थांबलो. तो उघडणारा आणि मिटणारा चाकू मला दिसायला लागला. मग मला एकदम सुचलं की नाक्यावर हवालदार असतो, त्यालाच बरोबर घेऊन जावं, तेच शहाणपणाचं. हमरस्त्यानं नाका बराच लांब होता. हवालदार जागेवर नव्हता. मी त्याची वाट पाहिली. चांगली पाच मिनिटं पाहिली.

मी पोचलो तेव्हा पायऱ्यांवर कुणी नव्हतं. काशिनाथ देवळाच्या कट्ट्याला टेकून बसला होता आणि दोन्ही हातांनी पोट धरून होता. तो ठरल्याप्रमाणे आला होता. नावं आपण सांगितली नाहीत, आपलंही नाव वाचलं गेलं, एवढंच त्याला दत्तारामला सांगायचं होतं. दत्तारामच्या भोवती पोरं बसली होती आणि काशिनाथ दिसताच ती नळाचा आवाज काढायला लागली. दत्तारामनं आपला चाकू घरी दिला नव्हता, की सकाळच्या प्रकारानंतर परत आणला होता, ते कधी कळलं नाही. मला पाहून काशिनाथ म्हणाला, "सर, भूगोलाचे सर आले नाहीत?" तेवढ्यात ते धावत येताना दिसले. गल्लीनंच आले.

हॉस्पिटलात तो तीन दिवस होता. चौथ्या दिवशी गेला. दत्तारामला पोलिसांनी त्याच्या मावशीच्या घरातून धरला, सुधारगृहात पाठवला. पुढे त्याचं काय झालं ते मी विचारलं नाही.

काशिनाथच्या घरी सर गेले, बरोबर मी गेलो. एवढं धाडस आता दाखवलं. त्याची आई भिंतीला टेकून बसली होती. तिनं आत जाऊन चाकू आणला आणि सरांपुढे ठेवला. पात्याला माशाचे खवले चिकटले होते. "तुमी सांगितलं म्हनून त्यानं ह्यो माझ्याजवळ दिला," ती म्हणाली. "म्हनला, आई, आता नको मला. तुमीच नावं फोडायची व्हती, तर मास्तर, त्याचा चाकू तरी त्याच्याजवळ ऱ्हाऊ द्यायचा व्हता."

दारात चाळीतली माणसं उभी होती. नकाशा मी नेला, हे एक वाक्य होतं. सर ते बोलू शकत होते. मी बोलू शकत होतो. सर म्हणाले, "होय बाई. चूक झाली." मी खाली पाहत राहिलो. माझ्या चपलेचा अंगठा तुटायला आला होता, त्याच्याकडे मी किती वेळ पाहत होतो ते मला आजही आठवतं.

सरांना काढलं नाही. उलट शाळेचं नाव वर्तमानपत्रात नको, म्हणून प्रकरण मिटवलं. ते अडीच वर्षं राहिले. शनिवारी झडतीला उभं राहायला लागले. पोरांच्या खिशात हात घालताना तोंड फिरवून घ्यायचे. दक्षिण अमेरिका वेळेवर शिकवायला लागले, निकाल सुधारला, हेडमास्तरांनी वार्षिक अहवालात त्यांचं कौतुक केलं. नकाशा परत मिळाला नाही, त्यामुळे आशिया ते फळ्यावर खडूनं काढायचे. वर्गात तो दुसरा प्रश्न त्यांनी पुन्हा कुणाला विचारला नाही. आणि शाळा सुटली की ते सरळ रस्त्यानं नायगावला जायचे. त्यांच्या बहिणीला आता चहा एकदाच गरम करावा लागत होता, आणि ती बिचारी त्यामुळे खूश होती.

राज्य झालं त्या दिवशी लालबागेत दिवे लागले, पेढे वाटले, गल्ली न् गल्ली फुलून गेली. त्यानंतर महिन्याभरात सरांनी राजीनामा दिला आणि ते गावी, मालवणकडे निघाले. शेवटच्या दिवशी स्टाफरूममध्ये आम्ही दोघंच होतो. त्यांनी छत्री उचलली आणि विचारलं, "त्या दिवशी तुम्ही कुठल्या वाटेनं गेलात?"

अडीच वर्षं मी या प्रश्नाची वाट पाहत होतो. "हमरस्त्यानं," मी म्हणालो.

"भीती वाटली?"

"हो."

मला वाटलं, आता शिव्या देतील. त्या मिळाल्या असत्या तर मी आयुष्यभर त्यांचा ऋणी राहिलो असतो. ते म्हणाले, "माझी चूक. सगळ्या पोरांना विचारत बसलो. तुम्हाला विचारलंच नाही." आणि गेले. पुढे पाच-सहा वर्षांनी ते वारल्याचं कळलं.

मी हेडमास्तर झालो, निवृत्त झालो. शाळकरी मुलं आणि चाकू या विषयावर अजून मला परिसंवादांना बोलावतात. तिथे झडतीची यंत्रं, पोलिसांची व्याख्यानं, मूल्यशिक्षणाचे तास यांवर चर्चा होते. एकदा मी सरांचे दोन प्रश्न सांगितले. सगळ्यांना इतके आवडले की त्यांनी त्याचा छापील फॉर्म काढला. चाळीस शाळांतून पोरांनी भरला. दुसऱ्या प्रश्नापुढे जवळजवळ सगळ्यांनी लिहिलं होतं, "लागू नाही".

माझी मुलगी आता काळाचौकीला नव्या इमारतीत राहते. तिच्याकडे जाताना मी टॅक्सी करतो. लालबागचा नाका आला की ड्रायव्हर गल्लीकडे वळायला बघतो आणि मी त्याला सांगतो, पुढून घे, मोठ्या रस्त्यानं. परवाचा ड्रायव्हर तरुण होता. त्यानं वळून विचारलं, "क्यूं चाचा, ये रास्ता बंद है क्या?"

मी म्हटलं, "हां, बंद है."